गोजराच्या हाताला लोणी

फार वर्षांपूर्वीची, सांगवणच्या नदीवर पूल नव्हता तेव्हाची गोष्ट. गोजरा नावाची तरणी विधवा तिथं नाव चालवायची. पुरातही नदीच तिला वाट करून द्यायची, असं म्हणतात.

देशमुखांचा धाकटा भाऊ मानाजी. त्याचा तिच्यावर जीव जडला, आणि तिचा त्याच्यावर. प्रेम करताना माणूस जात विचारत नाही. ते काम गाव नंतर करतं.

एके दिवशी भर दुपारी थोरले देशमुख आमराईत मरून पडलेले सापडले. पाठीत कट्यार होती, ती मानाजीची. कारभारी सुभानजीनं ती सगळ्यांना ओळखून दाखवली. त्या दुपारी कुठं होतास, असं पंचांनी विचारलं तर मानाजी गप्प. तो गोजराच्या झोपडीत होता. पण तिचं नाव घेतलं असतं तर गावानं तिला बाहेर काढलं असतं.

मग देवळात दिव्य ठरलं. तेव्हाची रीतच तशी. उकळत्या तेलातून धातूचा रवा हातानं काढायचा, हातावर पिशवी बांधून मोहोर लावायची. काही दिवसांनी पिशवी उघडायची. हात भाजला असेल तर माणूस खुनी, त्याचा कडेलोट. तेलाला न्याय कळतो, असं चांगली शहाणीसुरती माणसं मानायची.

मानाजी बाह्या सारून पुढं झाला, तोच गोजरा देवळाची पायरी चढून आली.

"ते त्या दुपारी माझ्याजवळ होते," ती म्हणाली. "शब्द माझा आहे, रवा मी काढते."

कोणी अडवायच्या आत तिनं हात घातला. तोंडातून हूं की चूं नाही. कढई आपोआप थंड झाली, असं म्हणतात. पंच पिशवी बांधत होते, तेवढ्यात सुभानजीनं त्यांचे पाय धरले. देशमुख मला कामावरून काढणार होते, खून मीच केला, कट्यारही मीच चोरली, असं त्यानं कबूल केलं. मग ती पिशवी उघडून बघायचं कुणाला कारणच उरलं नाही.

मानाजी सुटला. देशमुखी त्याच्याकडे आली आणि भाऊबंदांनी ठरवलेल्या मुलीशी त्याचं लग्न झालं. तो नाही म्हणाला नाही, याचा मला अजून राग येतो. गोजराला मात्र गावानं काढलं नाही. नाव चालवणार कोण? वऱ्हाडही तिनंच पलीकडून आणलं. डाव्या हातानं वल्हवत होती, उजवा पदराखाली होता.

आता पूल झाला. तरी सांगवणचा नवरदेव लग्नाआधी नदीकाठी उतरतो. तिथं दगडात कोरलेला एक हात आहे, त्याला तो मनगटापर्यंत ताजं लोणी लावतो. गोजराचा हात भाजलाच नव्हता, असं सगळेच म्हणतात. तरी म्हाताऱ्या बायका नवरदेवाला बजावतात, "हळू लाव बाबा, दुखंल तिला."