चौदा चिंचोके

एकदा एक डॉक्टर शिक्षकाच्या शोधात निघाली. डॉक्टर झालेल्या माणसाला आणखी शिक्षक कशाला, असं तुम्हाला वाटेल. तिलाही आजवर तसंच वाटत आलं होतं. पण पुढची पदवी घ्यायची म्हणजे प्रबंध लिहायचा, आणि प्रबंध लिहायचा म्हणजे गोळा केलेल्या आकड्यांवरून काय सिद्ध होतं ते सांगायचं. तिथे तिचं घोडं अडलं. ज्या शास्त्राला आपण जीवसंख्याशास्त्र म्हणतो आणि तिचे सोबती नुसतंच 'बायोस्टॅट' म्हणून कपाळाला हात लावतात, त्याचं पुस्तक उघडलं की तिला झोप तरी येई, नाहीतर रडू.

तिचा विषय मात्र साधा आणि चांगला होता. डोंगराकडच्या गावांमधल्या, रक्तदाब वाढलेल्या एकशे वीस बायका तिने निवडल्या होत्या. त्यांपैकी निम्म्या बायकांच्या घरी गावोगावच्या आशा स्वयंसेविका, म्हणजे आशाताई, दर आठवड्याला जात आणि लोणचं, पापड, सुकट यांच्यातून पोटात जाणारं मीठ कसं कमी करायचं ते शिकवत. उरलेल्या निम्म्यांचं नेहमीसारखंच चालू होतं. प्रत्येकीचा दाब सुरुवातीला एकदा आणि सहा महिन्यांनी पुन्हा एकदा मोजायचा, आणि मीठ कमी केल्याने तो उतरला का ते पाहायचं, एवढंच काम. आकडे हातात आले होते. प्रबंध द्यायला तीन आठवडे उरले होते, आणि मुदत चुकली तर परीक्षा सहा महिने पुढे जाणार होती.

शिक्षक शोधायला गेलं की शिक्षक सोडून सगळं मिळतं. वसतिगृहाच्या फळ्यावरच्या जाहिरातीतला पहिला गृहस्थ म्हणाला, "मॅडम, निष्कर्ष काय हवा ते आधी सांगा, गणित त्याप्रमाणे बसवू." दुसऱ्याने संगणकावर कुठलं बटण कधी दाबायचं ते दोन तास शिकवलं; का दाबायचं, असं विचारल्यावर तो जरा दुखावला. शेवटी तिचे मार्गदर्शक प्राध्यापक म्हणाले, "तालुक्याच्या गावी एक वृद्ध गृहस्थ राहतात. आरोग्य खात्यात त्यांनी चाळीस वर्षं आकडेच पाहिले. आता डोळे गेलेत, पण जाऊन तर ये."

डोळे गेलेला माणूस आकडे कसे पाहणार, हा प्रश्न तिच्या ओठांवर आला होता. पण दुसरा उपाय नव्हता, म्हणून ती गेली.

वृद्ध ओसरीवर चिंचा फोडत बसले होते. चिंच एका ताटात, टरफलं दुसऱ्या ताटात आणि चिंचोके मांडीजवळच्या सुपात, असं काम बोटांच्या अंदाजाने बिनचूक चाललं होतं. त्यांच्या सुनेने पाट दिला, चहा आणला आणि ती आपल्या कामाला गेली.

"कोणत्या यंत्राने मोजलंत, डॉक्टर?" वृद्धांनी विचारलं.

"पाऱ्याच्या, सर. डिपार्टमेंटचं जुनं आहे."

"सगळे आकडे तुम्हीच घेतलेत?"

"हो, सर."

"मग आता वाचा. सहा महिन्यांनंतरचा वरचा दाब, आणि त्यातला फक्त शेवटचा अंक. एकशे अडतीस असेल तर नुसतं आठ म्हणा."

तिला हसू आलं. दाब एकशे अडतीस आहे की एकशे अठ्ठ्याहत्तर, यावर रोग्याचं नशीब ठरतं. त्यातला नुसता आठ ऐकून या माणसाला काय कळणार? पण मोठ्या माणसाचा मान म्हणून तिने वही उघडली आणि पाढे म्हणावेत तसे अंक म्हणायला लागली. आठ. दोन. शून्य. सहा. चार. आठ. वृद्धांनी चिंचेचा हात थांबवला होता आणि डोळे मिटले होते.

चाळीसएक अंक झाले असतील. शून्य, शून्य, सहा, शून्य, शून्य, असं ती म्हणत होती. वृद्ध मध्येच म्हणाले, "इथे दमला होतात का हो?"

ती थबकली. ते आकडे घेतले त्या दिवशी त्या गावात आठवडी बाजार होता, घाईत असलेल्या बायका एकामागून एक समोर येऊन बसत होत्या, आणि दुपारनंतर तिला पाण्याचा घोट घ्यायलाही उसंत मिळाली नव्हती. ही गोष्ट तिने कुणालाही सांगितलेली नव्हती. तिने वहीत पाहिलं. वहीत नुसते आकडे होते.

"पुढे वाचा," वृद्ध म्हणाले.

ती पुढे वाचू लागली, पण आता आवाज सावध झाला होता. दोन. चार. सात. वृद्धांनी सुपातला एक चिंचोका उचलला आणि जमिनीवर ठेवला. आठ, शून्य, सहा, तीन. दुसरा चिंचोका. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नवल नव्हतं, काहीच नव्हतं. पाच-सहा चिंचोके झाल्यावर तिच्या लक्षात आलं की हे काय मोजलं जातंय. वही मिटून निघून जावं असं तिला वाटलं. तरी ती वाचत राहिली. एकशे वीस अंक संपले तेव्हा जमिनीवर अकरा चिंचोके एका ओळीत मांडलेले होते.

आता खरं काय घडलं होतं ते सांगतो. डोंगरावर एक वाडी आहे. तिथल्या चौदा बायका तिच्या यादीत होत्या, सगळ्या मीठ कमी करायला शिकवलेल्या निम्म्यांतल्या. त्या बाजाराला खाली येत तेव्हा जमेल तशी त्यांची नावं टिपली होती, म्हणून त्या यादीत पुढे पुढे विखुरलेल्या होत्या. दुसऱ्यांदा मोजायची वेळ आली तेव्हा पेरणीची गडबड होती आणि वाडीच्या बायका खाली उतरेनात. कॉलेजची जीप वर जाईना. दीड तासाचा चढ चालून जायचा तिने कंटाळा केला आणि खोलीवर बसून चौदा आकडे लिहिले. प्रत्येकीचा दाब थोडा थोडा उतरवला. ते आकडे फार सुबक दिसू नयेत म्हणून कुठे एकशे सत्तावीस लिहिलं, कुठे एकशे तेहेतीस. तेच आकडे बायकांच्या दाबाच्या कार्डांवर उतरवून कार्डं आशाताईंच्या हाती वर पाठवून दिली. मार्गदर्शकांनी ती वही चारदा चाळली होती. कुणाला काही दिसलं नव्हतं.

ओसरीवर तिच्या मनात हिशेब चालू होता. वृद्धांना अकरा सापडले होते. तीन आकड्यांच्या शेवटी तिने सहज आठ आणि चार लिहिले होते, ते निसटले होते, आणि ते कधीच कुणाला सापडणार नव्हते. मग तिने हात पुढे केला, सुपातले तीन चिंचोके घेतले आणि त्या ओळीच्या शेवटी ठेवले.

वृद्धांनी ओळीवरून बोट फिरवलं. "चौदा?" ते म्हणाले. "मला अकराच ऐकू आले होते."

"चौदा आहेत, सर." तिला रडू आवरेना. "पण तुम्हाला कळलं कसं?"

"पाऱ्याच्या नळीवर रेघा दोन-दोनच्या असतात," वृद्ध म्हणाले. "डोळ्यांनी पाहून लिहिलं की शेवटी दोन येईल, चार येईल, सहा, आठ, नाहीतर शून्य. सात कुठून येणार? मनाने लिहिणाऱ्याला आपलं लिहिणं खरं दिसावं अशी काळजी असते. म्हणून तो शून्याला घाबरतो आणि सात लिहितो. दमलेला माणूस उलट जवळच्या शून्यावर टेकतो. तोही दोषच, पण त्याने मोजलेलं असतं, त्याच्यासाठी मी चिंचोका ठेवत नाही. पुढचे अंक सगळेच सांभाळतात, डॉक्टर. शेवटच्याकडे कुणी बघत नाही, म्हणून माणूस तिथे दिसतो."

तिने हात जोडले. त्यांना ते दिसणार नव्हतं, तरी जोडले. पुस्तकात जे शास्त्र तिला कोरडं ठणठणीत वाटलं होतं, त्याने तिची एक थकलेली दुपार आणि एक लबाडी, दोन्ही नावानिशी ओळखून काढल्या होत्या.

"आता माझ्या प्रबंधाचं काय होईल, सर?"

"ते मला ठाऊक नाही. त्या चौदाजणी कुठे आहेत?"

"वाडीवर."

"मग तुम्ही इथे काय करताय?" वृद्धांनी विचारलं, आणि पुन्हा चिंच हातात घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती यंत्र खांद्याला लावून डोंगर चढली. तिसऱ्याच घरी एका म्हातारीने तिच्यासाठी घोंगडं अंथरलं आणि रेशनकार्डाच्या पिशवीतून जपून ठेवलेलं कार्ड काढून दाखवलं. कार्डावर डॉक्टरच्याच अक्षरात एकशे एकतीस लिहिलं होतं.

"आता कशापायी मोजतीस, लेकी?" म्हातारी म्हणाली. "तुम्हीच लिवून धाडलंय की, उतरलंय म्हनून. तवापास्नं गोळ्याबी बंद केल्या म्या."

तिने दंडाला पट्टा बांधला. पारा एकशे बहात्तरच्या रेघेवर आला. तिने यंत्र खाली ठेवलं, पाच मिनिटं थांबून पुन्हा मोजलं. पारा तिथेच आला. या बाईला काही झालं असतं तर, हा विचार तिच्या मनात आला.

"आजी," ती म्हणाली, "तेव्हा मी मोजलंच नव्हतं. नुसतं लिहून पाठवलं होतं. ते खोटं होतं. गोळ्या आजपासून पुन्हा सुरू करायच्या."

म्हातारीने तिच्याकडे निरखून पाहिलं. "आज मोजलंस न्हवं?" ती म्हणाली. "मंग बस. च्या टाकते." चहात मीठ नसतं एवढं सांगायलाही ती विसरली नाही.

वाडी पुरी व्हायला दोन दिवस लागले. खाली आल्यावर तिने मार्गदर्शकांना सगळं सांगितलं. ते फार रागावले, आणि रागवायलाच हवं होतं. नवे आकडे उशिरा घेतलेले आहेत असं प्रबंधात स्पष्ट लिहायचं ठरलं, सगळी मांडणी पहिल्यापासून करायची ठरली, आणि परीक्षा सहा महिने पुढे गेली. मिठाचा फायदा आधी केवढा तरी दिसत होता. आता तो दिसलाच तर जेमतेम दिसणार होता.

मग ती पुन्हा त्या ओसरीवर गेली. चिंचेचं काम संपलं होतं, पण ते चौदा चिंचोके वृद्धांनी एका वाटीत वेगळे ठेवले होते. ते त्यांनी मुठीत घेतले आणि म्हणाले, "वाचा."

तिने वाचलं. दोन. आठ. चार. दोन. शून्य. सहा. मूठ मिटलेली होती. तेरा अंक झाले आणि ती थांबली.

"चौदावी?"

"ती मुलीच्या गावी गेलीय, सर. भेटली नाही. मोजलं नाही, म्हणून लिहिलं नाही. तो रकाना रिकामा ठेवलाय."

वृद्धांची मूठ सैल झाली. त्यांनी चिंचोके परत वाटीत टाकले, वाटी बाजूला सारली आणि चाचपडत तिच्या डोक्यावर हात ठेवला. आतापर्यंत ते तिला डॉक्टर म्हणत आले होते.

"बस, बाळ," ते म्हणाले. "वही उघड. त्या रिकाम्या रकान्यापासूनच शिकायला सुरुवात करू."