तीन व्हिडिओ आणि एक नकाशा

यंत्रं आपसात बोलायची तेव्हाची गोष्ट. जीपमधलं रस्ता सांगणारं यंत्र नव्या नकाशासाठी संगणकाला जोडलं होतं. उत्साहाच्या भरात यंत्राने आपला जुना नकाशा आधीच पुसून टाकला.

संगणक मात्र चक्रावला. तो नव्या नकाशाला म्हणाला, "माझे पाच खण रिकामे आहेत, तू चारच खणांचा. मग मावत का नाहीस?"

"मी घडी घालून आलोय," नवा नकाशा म्हणाला. "उलगडायला आणखी चार खण लागतील. तो बारशाचा व्हिडिओ तीनदा कशाला ठेवलायस? ती मुलगी आता कॉलेजात जाते."

"पुढेमागे लागला तर?" म्हणत संगणकाने एकही काढला नाही. नकाशा बाहेरच राहिला.

सकाळी जीप निघाली. पहिल्याच फाट्यावर ड्रायव्हरने विचारलं, "डावीकडे की उजवीकडे?"

यंत्राने कोरा पडदा दाखवला.

"ते काही कळत नाही," ते म्हणालं. "पण घरी बारशाचा व्हिडिओ आहे. तीनदा."