सरकारांचं बारा पटीचं इंजिन

“सूनबाई मुकी आहे की काय, ते नंतर बघू. दसऱ्यानंतर डोक्यावर छप्परच राहायचं नाही. तिला आधी माहेरी पोचवून येऊ.”

तातोबा मिस्त्री चुलीपाशी बायकोला हे हळूच सांगत होते. दाराआड तांदूळ निवडत बसलेल्या मथुरेनं ते ऐकलं, एक खडा बाजूला काढला आणि दुसरा शोधायला लागली. लग्नाला दीड महिना झाला होता. बोलायची घाई तिला माहेरीही नव्हती. पण परत जायची त्याहून नव्हती. नवरा बरा निघाला होता.

सगळं संकट सरकारांच्या गाडीमुळे आलेलं. कोंडघोळ संस्थान केव्हाच विलीन झालं होतं, पण श्रीमंत अप्पाराव महाराजांना तसं तोंडावर सांगायला कुणी धजलं नव्हतं. त्यांची एक जुनी गाडी होती, कासवासारखी गोल. इंजिन पाठीमागे, आणि त्यात पाण्याचा थेंब नाही; नुसत्या वाऱ्यावर थंड व्हायचं. तातोबा आणि त्यांचा मुलगा दामू वाड्याच्या जुन्या पागेत ते खोलून नव्यानं बांधत होते. पागेमागच्या दोन खोल्यांत त्यांचं बिऱ्हाड.

अशात उंबरशेतचे सरकार जेवणाच्या पंक्तीत बोलून गेले, की आमचं इंजिन हवा नऊ पट दाबतं. अप्पाराव महाराजांचा घास हातातच राहिला. परत आल्या आल्या त्यांनी विचारलं, आपलं किती? तातोबा म्हणाले, आठ.

“आठ? बलुतेदार बारा, महिने बारा, आणि आमच्या गाडीला आठ? बारा करा.”

तातोबांनी परोपरीनं समजावलं. पिस्टन वर आल्यावर जागा जितकी कमी उरेल तितकी हवा जास्त दाबली जाते, जोर वाढतो, हे खरं. म्हणून तर सिलिंडरखाली पातळ चकत्या घालून ती जागा बेतानं ठेवायची. पण पाण्यावाचून, असल्या पेट्रोलवर बारा पट दाबलं, तर घाटात इंजिन ठोके देणार, तापणार, पिस्टनला भोक पडणार.

“सरकार, बारा केले तर गाडीचेच बारा वाजतील.”

महाराजांनी हुकूम सोडला. खंडेनवमीला सगळ्यांदेखत इंजिनात तेल ओतून मोजायचं. बारा भरले नाहीत तर पागा आणि खोल्या खाली करा. दसऱ्याला देवीच्या घाटात गाडी तापली, तरी खाली करा.

तेव्हापासून बापलेक चकत्या काढत होते आणि पुन्हा घालत होते. काढल्या की तातोबांना जेवण जाईना, घातल्या की दामूला.

दर सोमवारी नोकरांना वाड्याच्या कोठीतून दिव्याचं तेल मिळे. ते आणायला आता मथुरा जायची. नरहरपंत कारभारी डाव्या खिळ्यावरची पळी काढून तेल मोजून देत. त्याच वेळी धोंडू तेली वाड्यावर तेल घालायला येई. त्याचं तेल पंत उजव्या खिळ्यावरच्या पळीनं मोजून घेत. नाव दोन्हींचं पळीच. उजवीच्या दोन पळ्यांत डावीच्या तीन मावत, हे सगळ्या कोंडघोळाला दिसत होतं. पण रिवाज तो रिवाज.

त्या सोमवारी तेल घेऊन आल्यावर मथुरा दामूच्या कानाशी लागली. दामू आधी हसला, मग पांढरा पडला, मग उठून चकत्या होत्या तशा घालून आला.

खंडेनवमीला इंजिन पाटावर बसलं. त्याला झेंडूची माळ, पान्या-हातोड्यांना हळदकुंकू. दामूनं हात जोडून विनंती केली, की सरकारी कामाला सरकारी मापच हवं, कोठीतल्या दोन्ही पळ्या द्याव्यात. महाराज खूश झाले. डोक्यावरचा पदर सावरत मथुरा मोजायला बसली.

पिस्टन तळाशी. ती प्लगच्या भोकातून डाव्या पळीनं तेल ओतत गेली, गाव मोजत गेलं. अठ्ठेचाळीस पळ्यांनी सिलिंडर काठोकाठ भरला. तेल काढलं, पिस्टन वर आणला. मथुरेनं डावी पळी खाली ठेवली आणि उजवी उचलली. चार पळ्यांत तेल भोकाशी आलं.

“अठ्ठेचाळिसाचे चार,” दामू म्हणाला. “बारा पट, सरकार.”

महाराजांनी टाळी वाजवायला हात वर केले, ते तिथेच थांबले. “मध्येच पळी का बदलली?”

तातोबांनी डोळे मिटून घेतले. दामू माळेकडे बघत पाठ केल्यासारखा म्हणाला, “आधी इंजिनाला हवा द्यायची असते, म्हणून द्यायची पळी. मग तीच हवा दाबून त्याच्याकडून घ्यायची असते, म्हणून घ्यायची पळी. वाड्याचा रिवाज मोडणारे आम्ही कोण?”

“अरे, पण दोन्ही पळ्या सारख्या आहेत का?”

“ते सरकारांनीच सांगावं. सारख्या असल्या तर बारा भरले. सारख्या नसल्या तर…”

पुढचं त्याला शिकवलेलंच नव्हतं. पण गर्दीतला धोंडू तेली उत्सुकतेनं दोन पावलं पुढे आला, आणि पंत उगीचच उपरणं झटकायला लागले.

महाराजांनी धोंडूकडे पाहिलं, पंतांकडे पाहिलं, पळ्यांकडे पाहिलं. मिशी थरथरली. आणि मग ते असे काही हसले, की पगडी सुटून इंजिनावर पडली.

“बारा! पंत, उंबरशेतला आजच कळवा. पळ्या तेवढ्या धाडू नका.”

दसऱ्याला गाडी देवीचा घाट एका दमात चढली. ठोका नाही, तापणं नाही. वर पोचल्यावर महाराजांनी इंजिनाच्या झाकणाला हात लावला आणि अगदी मनापासून म्हणाले, “बारा पट असून किती गार!”

परत येऊन सोनं वाटता वाटता त्यांनी पागा आणि खोल्या मिस्त्रींच्या नावे करून दिल्या. मग विचारलं, ही अक्कल कुणाची? दामूनं नुसतं बाजूला पाहिलं.

“अस्सं. सूनबाईंना कोठीतून दर सोमवारी पाच पळ्या तेल, जन्मभर. पंत, आजपासूनच.”

पंतांचा हात सवयीनं डाव्या खिळ्याकडे गेला. मथुरा पदर सावरून एक पाऊल पुढे झाली, आणि तातोबांनी सुनेचा आवाज पहिल्यांदा ऐकला.

“पंतकाका, घेतेय तर मी. घ्यायची पळी काढा.”