शास्त्रीबुवांची मांडी

शप्पथ सांगतो, ही गोष्ट अक्षरन् अक्षर खरी. माझ्या डोळ्यांदेखत घडली. तेव्हा माझे पणजोबा पाळण्यात होते.

दरबारात दिगंबरशास्त्री गरजले, "महाराज, तर्क फक्त शब्दांत असतो! धुरावरून विस्तव सिद्ध करायलाही शब्दच लागतात. पखवाज म्हणजे नुसतं चामडं बडवणं. या रखमाजी गुरवाला घालवा!"

महाराज म्हणाले, "रखमाजी, तोंड न उघडता काहीतरी सिद्ध करून दाखव. नाहीतर पखवाज उचल आणि चालू लाग."

रखमाजीने तिहाई धरली. तिहाईत एकच तुकडा तीनदा वाजतो आणि तिसऱ्याचा शेवटचा ठोका बरोबर समेवर पडतो. पहिला झाला, दुसरा झाला, दरबार डोलू लागला. तिसऱ्याच्या शेवटच्या ठोक्याला मात्र रखमाजीने हात हवेतच थांबवला.

फाट्! शास्त्रीबुवांनी स्वतःच्याच मांडीवर सम दिली होती.

"शास्त्रीबुवा," रखमाजी म्हणाला, "मी शेवट वाजवला नाही, बोललोही नाही. मग हा निष्कर्ष तुम्ही कुठून काढलात हो?"

महाराज इतके हसले की पगडी सुटली. रखमाजी दरबारात राहिला.

आता कबूल करतो: महाराज, शास्त्री, दरबार सगळं मी रचलंय. मांडी तेवढी खरी, आणि ती माझी होती.