बिनचिठ्ठीचा दवाखाना चालणार नाही!

एक जंगल होतं. तिथले प्राणी गुण्यागोविंदाने राहायचे आणि गुण्यागोविंदानेच आजारी पडायचे. आजारी पडलं की बगळ्यांच्या दवाखान्यात जायचं. दारातला बगळा एका पायावर उभा राहून एकच विचारायचा, "चिठ्ठी आहे?"

चिठ्ठी द्यायचे दादासाहेब अस्वल. "हा आपल्यातला आहे, बघून घ्या," एवढंच तिच्यात लिहिलेलं असायचं. चिठ्ठी असली की खाट मिळायची. नसली की "उद्या या."

मी साळिंदर. दादासाहेबांच्या चिठ्ठ्या माझ्याच काट्याने लिहिल्या जायच्या. पाठीवरचा काटा उपटताना जीव जायचा, पण मान केवढा! वाटेत कुणी भेटलं की मी मुद्दाम म्हणायचो, "काही अडचण आली तर सांगा हं. वर आपली ओळख आहे." माझी बायको हौसा म्हणायची, "अहो, एवढी ओळख आहे तर पाठ कशाला सोलून घेता?" तिला राजकारण कळत नाही, असं मी तेव्हा चारचौघांत सांगायचो.

पुढे जंगलाची कारभारीण हत्तीणबाई, तिला काय सुचलं कोण जाणे. तिने दवंडी पिटली : प्रत्येकाने हंगामात मूठभर फळं-मुळं दवाखान्याला द्यायची, आणि जो आजारी पडेल त्याला उपचार मिळतील. चिठ्ठी लागणार नाही.

ऐकून मला बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू? पण संध्याकाळी दादासाहेबांनी वडाखाली सभा घेतली.

"बंधूंनो आणि भगिनींनो! बाई म्हणतात, सगळ्यांना खाट! म्हणजे ज्याची वर ओळख आहे त्यालाही खाट, आणि ज्याला कुत्रं विचारत नाही त्यालाही खाट? मग तुमची इज्जत काय राहिली?"

पुढच्या रांगेतल्या रानकुत्र्याने जोरात टाळ्या वाजवल्या. मला मात्र माझ्या मानाची काळजी लागली. शेजारी घूस बसली होती. ती म्हणाली, "खरंय बाई! आमची ओळख फुकट जाणार."

"तुझी गं कुणाशी ओळख?"

"दादासाहेबांच्या मेव्हण्याच्या गुहेला लागून बीळ आहे माझं!"

चौकशी केली तेव्हा कळलं, अख्ख्या जंगलाची वर ओळख होती. बिनओळखीचा असा एकही प्राणी सापडला नाही. त्यामुळे विरोध एकमताने झाला.

मोर्चा निघाला. "हक्क नको, ओळख हवी!" ही घोषणा दादासाहेबांची. "बिनचिठ्ठीचा दवाखाना, चालणार नाही, चालणार नाही!" ही माझी. तीन महिने खाटेची वाट बघत पडलेलं कासवही फळीवर झोपून मोर्चाला आलं. त्यालाच सगळ्यात पुढे ठेवलं, म्हणजे वेग राहील.

हत्तीणबाईने निर्णय मागे घेतला. गुलाल उधळला गेला. त्या भरात दादासाहेबांनी जाहीर केलं, "आजपासून प्रत्येकाला घरपोच चिठ्ठी!" आठ दिवसांत माझी पाठ बोडकी झाली.

नवव्या दिवशी हौसाचा पुढचा पाय फाशात अडकला. फास काढला, पण तार हाडापर्यंत रुतली होती. मी चिठ्ठी घेऊन तिला दवाखान्यात नेलं. दारात ही गर्दी, आणि प्रत्येकाच्या हातात चिठ्ठी. बगळ्याने पाय बदलला आणि विचारलं, "खास चिठ्ठी आहे?"

धावत दादासाहेबांकडे गेलो. खास चिठ्ठी घेऊन परतलो तोवर सगळ्यांकडे खास चिठ्ठी आली होती. मग अतिखास निघाली. त्यानंतर दादासाहेबांच्या पंजाचा ठसा असलेली. तिच्यासाठी मी शेपटीवरचा शेवटचा काटा दिला.

"अहो, पाय काळा पडलाय," हौसा म्हणाली.

असं करत सहाव्या दिवशी खाट मिळाली आणि पाय कापावा लागला. मी ढसाढसा रडलो. हौसा रडली नाही. ती एवढंच म्हणाली, "बाईंचं ऐकलं असतं तर पहिल्याच दिवशी आत घेतलं असतं ना?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घोषणा माझीच होती.

त्याच सुमाराला दादासाहेबांचा गुडघा धरला. ते उपचाराला नदीपलीकडच्या जंगलात गेले आणि टुणटुणीत होऊन आले. सत्काराच्या भाषणात सांगत होते, "तिकडे काय व्यवस्था आहे महाराजा! दारात कुणी काही विचारतच नाही!" आम्ही टाळ्या वाजवल्या. हार मी घातला.

आता निवडणूक आली आहे. परवा दादासाहेब स्वतः आमच्या बिळाशी आले. हौसाच्या थोट्या पायाकडे बघून हळहळले आणि मला म्हणाले, "अरे साळिंदरा, मला आधी का नाही सांगितलंस?"

सांगितलं होतं, तीन वेळा. पण नावाने हाक मारली हो! सगळ्या शेजाऱ्यांनी ऐकली.

हौसा म्हणते, तिचं मत हत्तीणबाईला. मी तिला रोज समजावतोय : अगं, वरपर्यंत एवढी ओळख असताना असा वेडेपणा कुणी करतं का?