डब्याचा तळ

नदीकाठच्या एका गावात एकदा एक वृद्ध वैद्य राहत असत. बारा जण त्यांच्याच घरी राहून वैद्यक शिकत होते. त्यांत एक शिष्या होती. एरवी दार आपटले तरी दचकणारी ही मुलगी रोग्याच्या नाडीवर बोट ठेवले की अगदी स्थिर होई. घरची कोठी आणि स्वयंपाकही तीच सांभाळी.

गावातला किराणा व्यापारी दर महिन्याला या घरचे अर्धे सामान धर्म म्हणून पाठवीत असे. एका वर्षी त्याचा धंदा बसला आणि त्याने येऊन हात जोडले. "वैद्यबुवा, यंदा माझ्याच्यानं होत नाही."

"इतकी वर्षं केलंत, हे काय थोडं झालं?" वैद्य म्हणाले आणि औषध कुटायला लागले. पण दाराआडून ऐकणारी शिष्या मनाशी ताटे मोजू लागली. ताटे तेरा, आणि सामान निम्मे.

त्या दिवसापासून तिने काटकसरीचा ध्यास घेतला. सोमवारी गावचा बाजार, गुरुवारी नदीपलीकडचा, शनिवारी टेकडीखालचा. मटकी कुठे स्वस्त, गूळ कुठे, सगळे तिला तोंडपाठ. भाजी ती बाजार उठताना घेई, कारण तेव्हा मेथीची जुडी निम्म्या भावात पदरात पडते. स्वस्त दिसले की घ्यायचे, आणले की डब्यात ओतायचे. डबा मात्र खरवडून रिकामा करायचा नाही. तळाशी मूठभर जुने राहू द्यायचे आणि त्यावर नवे घालायचे, ही तिच्या आईची शिकवण. रिकाम्या डब्याच्या घरातून लक्ष्मी उठून जाते, असे आई म्हणे.

दुकानाच्या पायरीवरून व्यापारी तिला चिडवी, "काय ताई, आज पलीकडे वाटतं? डाळ स्वस्त मिळेल हो, पण येताना वहाणांचाही भाव विचारून या!" ती कसनुसे हसे आणि पावले उचली.

असे सहा महिने गेले. पाय ठणकत, पिशवीचे बंद खांद्यावर उमटलेले राहत. आणि एवढे करूनही खर्च काही उतरेना. कुठेतरी आपलेच चुकते आहे, आपण अजून कष्ट करायला हवेत, एवढेच तिला सुचे. सकाळचा पाठ आधी आठवड्यातून एकदा चुकत होता, मग तीनदा चुकू लागला. शेवटी एके दिवशी ती गुरूंसमोर येऊन उभी राहिली.

"गुरुजी, मी यंदा शिकणं सोडते. सकाळ मोकळी मिळाली तर बुधवारचाही एक बाजार गाठता येईल. आधी सगळ्यांची पोटं, मग विद्या."

हे बोलताना ती रडलीसुद्धा नाही. रडायलाही अंगात त्राण लागते.

वैद्यांनी तिच्याकडे क्षणभर पाहिले. मग ते उठले, कोठीत गेले, तांदळाचा डबा उचलून अंगणात आले आणि एका जुन्या चादरीवर त्यांनी तो धाडकन पालथा केला. ती किंचाळलीच.

"गुरुजी! तांदूळ आहेत ते!"

"दिसतंय मला. पुढचा डबा आण."

"गुरुजी रागावलेत का गं?" एका शिष्याने हळूच विचारले.

"मला काय विचारतोस!" म्हणत ती पुढचा डबा आणायला वळली.

एकेक डबा पालथा होत गेला. वरचा तांदूळ पांढरा, मधला पिवळट, आणि तळाशी होती ती मूठभर जुनी रास, टोक्यांनी वळवळणारी. रव्याला जाळी धरलेली. डाळीचे पीठ झालेले. मटकी तर चार पुरचुंड्यांत निघाली, चारही वेळा स्वस्त म्हणून घेतलेली. दिवसभर सगळे सूप घेऊन पाखडत बसले. किडके गुरांपुढे गेले, आणि ते थोडे नव्हते. धुतलेले डबे वैद्यांनी ओटीवर ओळीने उघडे मांडले. आत काहीही नाही. तिला तिकडे बघवेना.

दिवस मावळताना वैद्य तिच्याजवळ येऊन टेकले.

"तू वाचवलेलं सगळं या टोक्यांनी खाल्लं, पोरी. वरून तू ओतत होतीस, खालून ते खात होते. आता मला सांग, आपण नाडी केव्हा बघतो?"

"सकाळी. रिकाम्या पोटी."

"का?"

"भरल्या पोटी नाडी खरं सांगत नाही म्हणून."

"मग घराची नाडी तू भरल्या डब्यावरून बघत होतीस. तीन बाजारांचे भाव तुला पाठ आहेत. पण या घराला महिन्याला तांदूळ किती लागतो?"

खरेच, तिला ठाऊक नव्हते. डबा कधी संपलाच नव्हता.

"आईनं सांगितलं ते तिच्या घरी ठीक असेल. एकच डबा असेल, खाणारे पुष्कळ असतील, मूठभर धान्य चार दिवसांतच हलत असेल. इथं तू वरून ओततच राहिलीस, म्हणून ते महिनोन्महिने तळाशीच राहिलं. आणि स्वस्ताईपायी तू विद्या द्यायला निघालीस. एवढी महाग डाळ या घरात कधी आली नव्हती."

"पण गुरुजी, रिकामा डबा दिसला की छातीत धस्स होतं."

"होऊ दे. चार दिवस होईल. डब्याला काही होत नाही."

निवडून पुन्हा डब्यांत भरलेले चांगले धान्य त्या घराला सत्तावीस दिवस पुरले, मटकी तर उरलीही. त्या दिवसांत ती एकाही बाजाराला गेली नाही. एकेक डबा तळाला लागत गेला, आणि कोणता जिन्नस किती दिवस पुरतो ते तिला आपोआप कळत गेले. अठ्ठाविसाव्या दिवशी ती व्यापाऱ्याच्या दुकानात गेली आणि तिने मोजून चार दिवसांपुरतेच सामान मागितले.

"एवढंच?" तो चकित झाला. "अहो ताई, मटकी आज स्वस्त आहे. घेऊन ठेवा."

"घरात आहे," ती म्हणाली, आणि पिशवी उचलून निघाली. पिशवी हलकी होती.

दुसऱ्या दिवशी ती सकाळच्या पाठाला वेळेवर आली. वैद्य नाडीच्या गतींविषयी बोलत होते. ती मन लावून ऐकत होती, आणि ऐकता ऐकताच तिची मान कलली. शेजारचा शिष्य तिला हलवायला वाकला, तर वैद्यांनी बोटानेच नको म्हटले.

"झोपू दे तिला. हा पाठ उद्या पुन्हा घेऊ," ते हळू आवाजात म्हणाले, आणि बाकीच्यांना घेऊन पडवीत जाऊन बसले.

स्वस्त काय मिळते ते शोधायला निघण्यापूर्वी माणसाने आपल्याला लागते किती, एवढे एकदा पाहून घ्यावे.