पहिल्या कोनफळाचा वसा

ऐका धरित्रीमाते, तुझी कहाणी. आटपाट बेट होतं, चहूंकडे खारं पाणी होतं. तिथं रातू कोरोई नांवाचा राजा होता. त्याची थोरली बहीण सेनिमिली.

त्यांच्या घराण्यांत सात पिढ्यांचा वसा होता. काय वसा होता? सुगीचं पहिलं कोनफळ बेटाच्या मूळ माणसांपुढं ठेवावं, त्यांच्यासमोर खालीं बसावं, पूर्वजांच्या आधीं लेवातू कोळणीचं नांव घ्यावं. कां घ्यावं? त्यांचा मूळपुरुष होडी फुटून किनाऱ्याला लागला, तेव्हां तिनं त्याला नारळाचं पाणी पाजलं. तिच्याच लोकांनी त्याला राजा केलं.

कोरोई गादीवर बसला, उतला, मातला. "कोळणीचं नांव राजानं कां घ्यावं?" म्हणाला. बहीण म्हणाली, "बाबा रे, घेतला वसा टाकूं नको." त्यानं ऐकलं नाहीं.

मग काय झालं? पहिल्या वर्षी कोनफळं कुजलीं. दुसऱ्या वर्षी मासळी फिरकेना. तिसऱ्या वर्षी माणसं होड्या लोटून निघालीं.

मग सेनिमिलीनं क्षमा मागतांना द्यायचा वडिलार्जित देवमाशाचा दात ओंजळींत घेतला, किनाऱ्यावर गेली, होड्यांच्या वाटेंत गुडघे टेकले. लेवातूच्या कुळांतली कालेसी आजी पुढं आली.

"राजाची लेक तूं, चिखलांत कां ग बसलीस?"

"आजी, आमचं चुकलं. हा दात घ्या, चूक पोटांत घाला."

"तुझ्या हातून कसा घेऊं? चुकला तो कुठं आहे?"

सेनिमिली हलली नाहीं. भरती आली. पाणी कमरेला लागलं, मग छातीला लागलं. कोरोईनं टेकाडावरून पाहिलं, धांवत आला.

"ताई, ऊठ!"

"तूं बैस, मग मी उठतें."

मग राजा पाण्यांत बसला. तोंड उघडलं, शब्द फुटेना. पुन्हां उघडलं, रडूं फुटलं. तिसऱ्यांदा म्हणाला, "लेवातू, माझ्या घराची पहिली आई." मग सातही पूर्वजांचीं नांवं घेतलीं.

आजीनं दात घेतला, सेनिमिलीला हात धरून उठवलं. "आमचं माणूस तुझ्या तोंडीं जितं राहूं दे, राजा. एवढंच मागणं होतं," म्हणाली. होड्या माघारीं फिरल्या. पुढल्या सुगीला कोरोईनं पहिलं कोनफळ खांद्यावरून वाहिलं, लेवातूचं नांव मोठ्यानं घेतलं, सगळ्यांच्या शेवटीं जेवला. बेट भरून पावलं.

जशी धरित्रीमाता त्यांना पावली, तशी तुम्हां आम्हां पावो. ज्यांनी पाणी पाजलं, त्यांचं नांव आपल्या ओठीं राहो. ही साठां बोलांची कहाणी पांचां बोलांत सांगितली, सुफळ झाली, संपूर्ण झाली.